नवी पदवी : निवड कागदावरची आणि तालुक्यातली

बारावीचा निकाल लागला की यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथील महाविद्यालयांच्या आवारांत दरवर्षी एकच प्रश्न ऐकू येतो : प्रवेश कशाला घ्यावा? पूर्वी याचे उत्तर फारसे गुंतागुंतीचे नसे. कला, वाणिज्य की विज्ञान एवढे ठरले म्हणजे पुढील तीन वर्षांचा रस्ता आखलेलाच असे. कोठारी आयोगाच्या शिफारशींना अनुसरून महाराष्ट्राने १९७० च्या दशकात स्वीकारलेला १०+२+३ हा आकृतिबंध पालकांच्या चांगलाच अंगवळणी पडला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो मोडून नवी रचना आणली. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. त्या वर्षी दाखल झालेल्या पहिल्या तुकडीपुढे २०२७ च्या उन्हाळ्यात प्रश्न उभा राहतो तो हा की, तीन वर्षांवर थांबावे की चौथे वर्ष करावे. या रचनेने विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य दिले, असे सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु हे स्वातंत्र्य कोणाच्या पदरात किती पडते, हे विद्यार्थी कोणत्या तालुक्यात राहतो यावर अवलंबून आहे.

बाहेर पडण्याची दारे

नव्या पदवीचे मोजमाप वर्षांबरोबर श्रेयांकांतही होते. पहिले वर्ष संपवून किमान ४० श्रेयांक मिळविणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षे व ८० श्रेयांक झाल्यास पदविका, तीन वर्षे व १२० श्रेयांक झाल्यास पदवी आणि चार वर्षे व १६० श्रेयांक झाल्यास ऑनर्स पदवी, अशी ही उतरंड आहे. पहिल्या वा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचे झाल्यास कौशल्याधारित कामाचे जादा श्रेयांक मिळवावे लागतात. बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो. मात्र संपूर्ण पदवी सात वर्षांत पुरी झाली पाहिजे.

ही सोय वाईट नाही. पूर्वी मध्येच शिक्षण सोडणाऱ्याच्या हाती काहीच राहत नसे. तथापि, अर्थशास्त्र ज्याला संधी खर्च म्हणते त्याचा हिशेब येथे करावयास हवा. महाविद्यालयातील एका वर्षाची किंमत म्हणजे केवळ शुल्क नव्हे, एस.टी.चा पास, खोलीचे भाडे, खानावळ आणि त्या वर्षी घरच्या शेतात किंवा बाहेर मिळू शकली असती ती मजुरी, हे सारे मिळून ती होते. एवढे मोजून हाती येणाऱ्या एक वर्षाच्या प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात काय भाव आहे? सरकारी जाहिरातींतील अट बहुधा बारावी उत्तीर्णाची असते, नाही तर पदवीधराची. मधल्या पायरीला तेथे क्वचितच जागा असते. ज्या जिल्ह्यात कापसाचे एक वर्ष बुडाले की घरचा मुलगा कामाला लागतो आणि मुलीच्या लग्नाची घाई सुरू होते, तेथे परत येण्याचे दार उघडे आहे एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. शिक्षण सोडण्याची वेळ आलीच, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पर्याय १९८९ पासून उपलब्ध आहे. काम सांभाळून तेथे पुरी केलेली पदवी अर्ध्यावर मिळालेल्या प्रमाणपत्रापेक्षा निश्चितच अधिक उपयोगी होय.

चौथ्या वर्षाचा हिशेब

चौथे वर्ष केले नाही तर पदवी अपुरी राहते, असा एक समज पसरला आहे. तो निराधार आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, बँकांतील लिपिक पदे, तलाठी भरती यांना तीन वर्षांची पदवी पुरते. ज्यास एम.ए. वा एम.कॉम. करावयाचे आहे, त्याला तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, अशी दोन्हीकडून पाचच वर्षे लागतात. चौथ्या वर्षाचा खरा लाभ संशोधनाकडे वळणाऱ्यास आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील, तर पदव्युत्तर पदवीशिवाय पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र होता येते. परंतु संशोधनासह ऑनर्स करावयाचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत आणि त्या विभागात संशोधन-मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले अध्यापकही हवेत. असे विभाग तालुक्याच्या गावी किती असणार?

विषयांची यादी आणि अध्यापकांची यादी

येथेच प्रश्नाचे मूळ आहे. नव्या रचनेनुसार विद्यार्थ्याने मुख्य विषयाबरोबर जोडविषय घ्यावा, खुला वैकल्पिक विषय दुसऱ्या विद्याशाखेतून निवडावा, शिवाय कौशल्याचे अभ्यासक्रम व कार्यप्रशिक्षण पुरे करावे. अनेक विद्याशाखा नांदणाऱ्या शहरातील महाविद्यालयात हे सहज जमते. ज्या महाविद्यालयात एकच विद्याशाखा आहे, तेथे दुसऱ्या शाखेचा विषय शिकवणार कोण? पदे रिक्त आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर भिस्त, अशी स्थिती असेल तर विषयांची यादी लांब आणि अध्यापकांची यादी आखूड होते. मग मिळेल तो विषय विद्यार्थ्याची ‘निवड’ म्हणून नोंदला जातो.

कार्यप्रशिक्षणाचेही तसेच आहे. वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, यवतमाळजवळ लोहारा येथे औद्योगिक वसाहत आहे. घाटंजी वा महागावच्या कला शाखेच्या विद्यार्थ्यास मात्र या जागा दूरच्या. त्याच्यासाठी बाजार समिती, जिनिंग-प्रेसिंग कारखाने, सहकारी पतसंस्था व बँकांच्या शाखा यांच्याशी महाविद्यालयांनी आधीच बोलणी करून ठेवली पाहिजेत. नाही तर हे प्रशिक्षण सही-शिक्क्यापुरते उरेल.

व्यावसायिक अभ्यासक्रमांचा मार्ग वेगळा असला तरी माहितीच्या अभावाचा फटका तेथेही बसतो. २०२४ साली राज्याने बी.बी.ए., बी.सी.ए. या अभ्यासक्रमांना सामायिक प्रवेश परीक्षा लागू केली. अनेकांना ती हुकल्यावरच कळली आणि जागा रिकाम्या राहू लागल्याने त्याच वर्षी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. कृषी पदवीचा प्रवेशही सामायिक परीक्षेतूनच होतो, हे शेतकरी कुटुंबांना वेळेवर कळणे अगत्याचे आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. मात्र ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच मिळते. परस्पर घेतलेल्या प्रवेशाला नाही.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशापूर्वी फलकावर लावावे : कोणते मुख्य व जोडविषय प्रत्यक्ष शिकवले जातील, त्यांना पूर्णवेळ अध्यापक किती आहेत, चौथे वर्ष येथे आहे की नाही, प्रशिक्षण कोठे होईल. जवळच्या दोन-तीन महाविद्यालयांनी अध्यापक वाटून घेतल्यास एकाची उणीव दुसरा भरून काढील. विद्यापीठाने त्यास चालना द्यावी. उमरखेडचा विद्यार्थी नांदेडकडे पाहतो, वणीचा चंद्रपूरकडे. दोन्हीकडे विद्यापीठ बदलते. तेव्हा मिळविलेले श्रेयांक सीमेपलीकडे अडचणीविना स्वीकारले जातील, याची हमी हवी. आणि कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी बारावीच्या वर्गातच परीक्षांच्या तारखा व पदव्यांचे प्रकार समजावून दिले, तर अनेक घरांचे एक वर्ष वाचेल.

अभ्यासक्रम निवडताना पदवीचे नाव शेवटी विचारावे. ती येथे कोण शिकवणार, ती पुरी करण्याइतके बळ घरात आहे काय आणि तिच्यापुढे कोणता मार्ग निघतो, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. या प्रश्नांची उत्तरे प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वी देणे, हे महाविद्यालये व विद्यापीठ यांचे कर्तव्य आहे. ते पार पाडले गेले नाही, तर नव्या धोरणातील स्वातंत्र्य शहरांपुरतेच राहील आणि खेड्यातील मुलाच्या वाट्याला त्याची केवळ शब्दावली येईल.