दुखणे खरे की मनाचे?

दिवाळीच्या साफसफाईत आपल्याकडे दोन गोष्टी हमखास निघतात : माळ्यावरची भांडी आणि कुणाची तरी कंबर. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "मणका सरकला, फोटो काढा!" दुसरा कुजबुजतो, "काही नाही हो, मनाचे खेळ!" दुखणे कर्त्या पुरुषाचे असले की पहिल्या पक्षाला बहुमत मिळते, सुनेचे असले की दुसऱ्याला. माझे भांडण दोघांशीही आहे.

आधी फोटोवाल्यांशी. कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढून केलेली एक अमेरिकन पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या मणक्यांमधली एखादी तरी गादी फुगलेली निघाली! केस पिकावेत तसेच पुष्कळदा हेही असते. पण अहवालातला तो शब्द वाचून धडधाकट गृहस्थ वाकायचे सोडतात, पट्टा आवळतात, अंथरूण धरतात. स्नायू दुबळे होतात, भीती वाढते आणि दुखणे घरजावयासारखे मुक्काम ठोकते.

आता कुजबुजणाऱ्यांशी. 'मनाचे' म्हणजे 'खोटे' हे यांना कुणी शिकवले? भीतीने छाती धडधडते, ती धडधड खोटी असते काय? वेदना कुठलीही असो, ती मेंदू आणि मज्जातंतू यांच्याच द्वारे जाणवते. दुखणे तीन महिन्यांवर रेंगाळले की ही यंत्रणा हळवी होऊ शकते. मग अपुरी झोप, काळजी, अपमान तिला आणखी डिवचतात. अमेरिकेतील बोइंग कारखान्याच्या तीन हजारांवर कामगारांची पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. कामात ज्यांना गोडी वाटत नव्हती, त्यांच्याकडून पाठीच्या तक्रारी अधिक आल्या. एवढ्यावरून त्यांना कामचुकार म्हणणाऱ्याने आपल्या घरातच पाहावे. पहाटेपासून राबणारी, पुरती झोप नसलेली, वर बोलणी खाणारी बाई कंबर धरते. तिच्या कमरेवर घागरीचे ओझे किती आणि टोमण्यांचे किती, हे कुठल्या तराजूत तोलणार?

पायांतली शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप असला, वजन घटू लागले किंवा पडल्यावर दुखणे सुरू झाले, तर तडक डॉक्टर गाठावा. तिथे माझे पांडित्य नको. एरवीच्या जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली व्यायाम, दुखण्याची नीट समजूत आणि मानसोपचार यांची शिफारस केली. पट्टे नेहमीसाठी वापरू नयेत, असेही सांगितले. शरीर आणि मन यांची वाटणी तिथेही केलेली नाही.

तेव्हा वाचकहो, "खरेच दुखते का गं?" हा प्रश्न यंदा विचारू नका. तिच्या हातातला चकलीचा सोऱ्या घ्या, तिला तासभर मोकळे फिरून येऊ द्या. आणि ती परत आल्यावर "बरी दिसतेस की!" असे खोचकपणे म्हणू नका.