कोळशाचें देणें

देशांतील वीज कोळशाच्या हातून काढून सूर्य व वारा यांच्या हवालीं करावयाची, हें आतां ठरून चुकलें आहे. 2021 च्या नोव्हेंबरांत ग्लासगो येथील जागतिक परिषदेंत आपल्या पंतप्रधानांनीं 2070 सालापर्यंत कर्बवायूचा हिशेब शून्यावर आणण्याचें वचन दिलें. आणि 2025 च्या मध्यास एकंदर वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकीं निम्मी क्षमता खनिज इंधनाखेरीज इतर साधनांची झाली, असें सरकारनें जाहीर केलें. क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असें नव्हे. सूर्य सायंकाळीं मावळतो आणि वारा आपल्या लहरीनें वाहतो. म्हणून प्रत्यक्ष मिळणाऱ्या विजेपैकीं सुमारें सत्तर टक्के वीज अद्यापि कोळशाचीच आहे. 2024-25 सालीं तर देशांतील कोळशाचें उत्पादन प्रथमच शंभर कोटी टनांपलीकडे गेलें. तेव्हां कोळसा उद्यां सकाळीं जात नाहीं. पण तो जाणार आहे, आणि जावा असेंच आम्हांसहि वाटतें. 2009 सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली, तींत चंद्रपूरचा क्रम देशांत चौथा होता. त्या हवेंत आयुष्य काढणाऱ्यांना कोळशाचें प्रेम शिकवावयास आम्ही जाणार नाहीं.

आमचें भांडण दुसरेंच आहे. या बदलाचे जे भाट सध्यां सभासंमेलनांतून ऐकूं येतात, त्यांच्या मतें यांत कोणाचेंच नुकसान नाहीं: वीज स्वस्त होईल, हवा स्वच्छ होईल, आणि खाणींतून सुटलेल्या मजुरास सौर उद्योगांत काम मिळेल. पहिलीं दोन विधानें बव्हंशीं खरीं आहेत. तिसरें विधान करणारानें नकाशा उघडून पाहिलेला दिसत नाहीं. कोळसा आहे झारखंडांत, ओरिसांत, छत्तीसगडांत आणि आपल्याकडे वर्धा नदीच्या खोऱ्यांत, म्हणजे चंद्रपूर-यवतमाळ-नागपूर या पट्ट्यांत. सौर विजेचीं विशाल क्षेत्रें आहेत राजस्थानांत भडला येथें व कच्छांत खावडा येथें. पवनचक्क्यांचें रान आहे तामिळनाडूच्या दक्षिण टोंकास मुप्पंडल येथें. वणीच्या खाणीवर टिपर हांकणाऱ्या माणसानें बायकामुलांसह कच्छच्या रणांत जाऊन काचा पुसाव्या, असें या पंडितांना सुचवावयाचें आहे काय? आणि काचा पुसावयास तरी माणसें किती लागतात? सौरक्षेत्र उभारतांना हजारों हातांना काम मिळतें. तें उभें राहिलें कीं कांहीं पहारेकरी, कांहीं तंत्रज्ञ आणि पुसणारे एवढेच उरतात. ज्या कारखान्यांत त्या सौरपट्ट्या घडतात, तेथें कायमचें काम असतें खरें. परंतु जगांतील त्या कारखानदारीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग एकट्या चीनच्या हातीं आहे.

शिवाय कोळशावर केवळ खाणकामगार जगत नाहीं. टिपरवाला, त्याचा मिस्त्री, टायरवाला, खाणावळवाला, राखेच्या विटा पाडणारा, हे सर्व त्याच चुलीवर शेकतात. रेल्वेला मालवाहतुकींतून जें उत्पन्न होतें, त्यांत जवळजवळ निम्मा वांटा कोळशाचा असतो, व उतारूंच्या भाड्यांतील तूट मालवाहतुकीच्या नफ्यांतून भरून काढली जाते. वर्ध्याहून मुंबईस साध्या डब्यांतून येणाऱ्या गृहस्थाचें तिकीट कांहीं अंशीं कोळसा फाडतो, हें त्याला कोणी सांगितलेलें नाहीं.

हें वाचून कोळशाचे कैवारी आनंदित झाले असतील, तर त्यांनीं जरा थांबावें. "गरीब मजुराचें काय?" हा प्रश्न अलीकडे त्यांच्या तोंडीं फार येतो. कोल इंडियाच्या पटावर 1980 नंतरच्या दशकांत सहा लाखांहून अधिक कामगार होते. आज ते सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. याच काळांत उत्पादन मात्र कित्येक पटींनीं वाढलें. हे चार लाख लोक सूर्यानें काढले नाहींत कीं वाऱ्यानें उडवले नाहींत. भुयारी खाणी मागें पडून उघड्या खाणी आल्या, दहा माणसांचें काम एका यंत्रानें केलें, आणि उरलेलें काम कंत्राटदाराच्या हातीं गेलें. तेव्हां या कैवाऱ्यांचे डोळे कोरडे होते. आज मालकाच्या चिमणीला धक्का लागूं लागतांच त्यांना मजुराची आठवण होते, हा योगायोग आम्हांस तरी मानवत नाहीं.

आणि या कंत्राटामध्येंच खरें दुखणें आहे. कायम कामगारास भविष्यनिर्वाह निधि आहे, निवृत्तिवेतन आहे, त्याच्या संघटनेला वाटाघाटीच्या मेजावर खुर्ची आहे. कंत्राटी मजुराचें नांव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतें व कंत्राटदार बदलला कीं हजेरीपटहि बदलतो. चंद्रपूरचें औष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचें आहे. तेथील 210 मेगावॉटचे पहिले दोन संच यापूर्वींच मोडींत निघाले. उद्यां आणखी संच बंद झाले, तर राख उपसणारा, पट्ट्यावरचा कोळसा झाडणारा, वाघिणी रिकाम्या करणारा मजूर कोणत्या कागदाच्या आधारावर "माझें काम गेलें" असें म्हणणार?

कागदावर नांव असणें व नसणें यांत केवढें अंतर आहे, हें महाराष्ट्रानें एकदां पाहिलें आहे. आणि तेंहि कोळसा सोडून स्वच्छ विजेकडे जातांनाच पाहिलें आहे. मुंबईच्या गिरण्या पूर्वीं वाफेवर चालत. बंगालचा कोळसा हजार मैलांवरून आणावा, धुरानें गिरणगांव काळें करावें, असा तो खाक्या होता. 1915 सालीं खोपोलीचें जलविद्युत् केंद्र सुरू झालें आणि सह्याद्रीचें पाणी गिरण्या चालवूं लागलें. तें काम मोठें होतें, यांत शंका नाहीं. पुढें अधिक वीज हवी म्हणून टाटा कंपनीनें मुळशी पेट्यांत धरण घातलें, व पन्नासांवर गांवांच्या भाताच्या खाचरांवर पाणी चढण्याची वेळ आली. 1921 सालीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला. तेव्हांहि राष्ट्राच्या उद्योगाची, स्वदेशी भांडवलाची, स्वस्त विजेची हींच भाषा शहाण्या लोकांनीं त्यांना ऐकवली. जमिनीचे कागद पुष्कळदां पुण्याच्या सावकारांच्या नांवें होते. त्यांनीं मोबदला घेतला व ते वादांतून बाहेर पडले. कसणारा कुळवाडी मात्र तुरुंगांत गेला, आणि सुटून आला तेव्हां त्याचें शेत पाण्याखालीं जाऊं लागलें होतें. 1927 पासून भिऱ्याचें केंद्र त्या पाण्यावर वीज काढीत आहे. वीज स्वच्छ होती. तेवढ्यानें तिचा हिशेबहि स्वच्छ होता असें होत नाहीं.

याच्या उलट गिरणीकामगार पाहा. 1982 च्या संपांत अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले व पुष्कळांना परत आंत येतां आलें नाहीं. त्यांच्यावर जो अन्याय झाला तो झालाच. तरी गिरणीच्या दप्तरांत नांव असल्यामुळें तीस वर्षांनीं कां होईना, त्यांतील कांहींना व कांहींच्या वारसांना घराच्या सोडतींत चिठ्ठी टाकतां आली. चंद्रपूरच्या कंत्राटी मजुराला तीस वर्षांनीं तेवढेंहि मागतां येणार नाहीं.

पैसा कोठून आणावा, असें आम्हांस विचारलें जाईल. पैसा आलेला होता. 2010 सालीं कोळशाच्या प्रत्येक टनावर 50 रुपयांचा उपकर बसला. नांवच मुळीं स्वच्छ ऊर्जेचा उपकर. तो वाढत वाढत 2016 सालीं 400 रुपयांवर गेला. स्वच्छ ऊर्जेसाठीं घेतलेल्या या पैशाचा मोठा भाग त्या कामीं लागलाच नाहीं. 2017 सालीं वस्तु व सेवा कर आला, तेव्हां हा उपकर राज्यांच्या महसुलाची भरपाई करण्याकडे वळवला गेला, आणि 2025 च्या सप्टेंबरांत तो रद्द होऊन कोळशावरील कर 5 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर नेण्यांत आला. ज्या कोळशाच्या जोरावर ही रक्कम जमली, त्याच्या जाण्यानें उघडे पडणाऱ्या माणसासाठीं त्यांतील कोणताच वांटा कायद्यानें राखून ठेवलेला नव्हता. यास आम्ही दिरंगाई म्हणत नाहीं. ठेव मोडून खाणें यासाठीं मराठींत जो शब्द आहे, तोच येथें लागू पडतो.

जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे ना, असें कोणी म्हणेल. 2015 च्या कायद्यानें तें स्थापन झालें व खाणींच्या जिल्ह्यांना त्याचा कांहीं उपयोग झाला, हें मान्य. परंतु त्यांत येणारा पैसा खनिजाच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणांत येतो. खाण जोंपर्यंत चालते तोंपर्यंत पैसा. खाण बंद झाली, म्हणजे गरज सर्वांत अधिक झाली, कीं ओघ आटला. पावसाळ्यांत भरणारी व वैशाखांत कोरडी पडणारी विहीर ज्यानें खणली, त्याच्या बुद्धीचें कौतुक कोणीं करावें?

जर्मनीनें 2020 सालीं कायदा करून कोळसा सोडण्याची शेवटची मर्यादा 2038 ठरवली, आणि त्याबरोबरच कोळशाच्या प्रांतांसाठीं 4,000 कोटी युरोंपर्यंतची तरतूद केली. जर्मनीइतका पैसा आपल्यापाशीं नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. पण तारीख आणि तरतूद एकाच वेळीं ठरवावी, एवढें शिकावयास श्रीमंती लागत नाहीं. इंग्लंडांत 1984-85 चा संप मोडला, एकामागून एक खाणी बंद झाल्या, आणि तरतुदीचा विचार मागाहून झाला. त्या खेड्यांची दैना तेथील लोक अजून सांगतात.

आपल्याकडे अद्यापि वेळ आहे. कोळशावर आतां जो 18 टक्के कर बसला आहे, त्यांतील ठराविक वांटा दर वर्षीं बाजूला काढून कायद्यानें बांधून ठेवावा, व संच किंवा खाण बंद करण्याच्या हुकुमास त्या निधींतील देण्यांची यादी जोडल्याविना तो हुकूम अमलांत येऊं नये. मात्र यादी करावयाची तर आधीं नांवें पाहिजेत. विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन नागपूरास भरतें; कोराडीच्या चिमण्या तेथून फार दूर नाहींत, आणि वर्धा खोऱ्यांतील खाणींचा कारभार पाहणारी कचेरीहि त्याच शहरांत आहे. कोणा सभासदानें येत्या अधिवेशनांत उठून इतकेंच विचारावें: चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या तीन जिल्ह्यांत कोळशाच्या व कोळशावरील विजेच्या कामावर आज कंत्राटी मजूर किती आहेत, आणि त्यांचीं नांवें सरकारच्या कोणत्या दप्तरांत लिहिलेलीं आहेत?