कळसूबाई : पावसाळ्यात नको, जानेवारीत

कळसूबाईला पावसाळ्यातच जावं, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय. फोटोसाठी जाणार असाल, तर मला ते पटत नाही. पावसात १६४६ मीटरवर दिसतं काय? धुकं आणि दुसऱ्यांचे रेनकोट! जानेवारीत फजरच्या बऱ्याच आधी बारी गावातून निघा. लोखंडी शिड्या बर्फासारख्या गार असतात, बोटं बधिर होतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची आतल्या खिशात ठेवा. वर सगळे उगवत्या सूर्यामागे लागतात. तुम्ही त्याच्याकडे पाठ करा. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंगचे कडे उजळत जातात. मात्र शिडीवर थांबून फोटो अजिबात नको. मागून चहा-सरबताचं सामान डोक्यावर घेतलेली गावची माणसं चढत असतात.