सुट्टीत पाणी कोण घालणार?

भाऊबीज आली की आमच्याकडे मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात. आमचं तिरोडी मध्य प्रदेशात; 1956 साली राज्यांच्या फेररचनेत भंडारा जिल्हा पलीकडे गेला, आमचा बालाघाट इथेच राहिला. पण मंडई आणि सांदवाडी सीमेच्या दोन्ही अंगांना सारखीच. सांदवाडीत, घरामागच्या त्या तुकड्यात, वालाचा वेल, धोप्याची म्हणजे अळूची पानं, सांभार म्हणजे कोथिंबीर, चार वांगी असायचीच. आता सांदवाडीच्या जागी खोली उभी राहिली आणि नातवाला भाजी भेटते ती थेट ताटात. मग तो नाक मुरडतो. का मुरडू नये? ओळख ना पाळख!

यंदाच्या अंकाचा विषय आहे लहान मुलांची परसबाग. विषय जुनाच. हातांनी काम करत शिकायचं, हा नयी तालीमचा विचार गांधीजींनी ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडला. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेतली मुलं आजही भाजी पिकवतात.

नवी चव आठ-दहा वेळा समोर आली की मगच मुलांच्या जिभेला रुळते, असं आहारतज्ज्ञ सांगतात. ताटात हे करायचं म्हणजे आठ-दहा भांडणं. वाफ्यात भांडण नाही. पाणी घालता घालता पोरगं पान तोडतं, चावतं, थुंकतं, पुन्हा तोडतं. थुंकू द्यावं त्याला.

आमच्या खाणीच्या वस्तीत अंगण मुरमाड, जागा हातभर. असू द्या. जुनं घमेलं फेकू नका; भोक पडलं असेल तर उत्तमच, पाणी निचरतं. त्यात शेतातली माती आणि कुजलेलं शेणखत भरलं की सांभार मजेत येतो. खाणीच्या ढिगाऱ्यावरची माती मात्र खायच्या रोपाला नको.

शाळेतल्या वाफ्यांबद्दल माझं मत जरा कडू आहे. शाळांच्या पोषणबागांसाठी केंद्राने 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या; त्या चांगल्या आहेत. पण मी पाहिलेल्या काही बागांत फोटोपुरती कुदळ हातात आली, फलक लागला आणि सुट्टीत सगळं वाळून गेलं. उन्हाळ्याचं सोडा, दिवाळीतसुद्धा कोवळ्या रोपांना पाणी घालायला कुणी नव्हतं. म्हणून घरचं घमेलं हवं.

वाचकहो, लक्ष्मीपूजन आटोपलं की डब्यातली मूठभर मेथी रात्रभर भिजवा आणि सकाळी पोराच्या हातून पेरा. पाणी रोज त्यानेच घालायचं. ओळ वाकडी झाली तर सरळ करू नका. मेथी चौथ्या-पाचव्या दिवशी वर येते.