विसार देण्यापूर्वी

विवाह ठरला की घरात पहिली चर्चा निघते ती छायाचित्रकाराची आणि सजावटीची. वस्तुतः ज्याला ऐन वेळी पर्याय मिळणे सर्वांत अवघड, त्याचे आरक्षण सर्वप्रथम करावयास हवे. आपल्या समाजापुरत्या अशा दोनच गोष्टी आहेत: मंगल कार्यालय आणि जैन पद्धतीचा स्वयंपाक जाणणारा आचारी.

याचे कारण असे की मुळात दिवसच थोडे. आषाढ शुक्ल चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चातुर्मास. त्यात बहुतेक कुटुंबे विवाह योजीत नाहीत. पंचांग पाहणारे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा धनुर्मासही टाळतात. अधिक मास आला की आणखी एक महिना गेला. 2026 मधील अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन सुटीच्या दिवसांत. उरलेल्या तिथींवर साऱ्या गावाचा डोळा असतो. म्हणून शक्य तर आठ-दहा महिने आधी कार्यालय गाठावे.

अक्षय्य तृतीयेविषयी थोडे निराळे सांगावयास हवे. साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून ती अनेकांना सोयीची वाटते. परंतु वर्षीतपाची पारणीही त्याच दिवशी होतात. भावकीत कोणी तपस्वी असेल तर निम्मे आप्त हस्तिनापुरास किंवा पालिताण्यास गेलेले असावयाचे. तिथी पक्की करण्यापूर्वी दोन्ही घरांत याची विचारणा व्हावी.

आता पाळीचा प्रश्न. अनेक कार्यालये दिवसाचे दोन भाग करून देतात, आणि सायंकाळच्या पाळीत वास्तूचा ताबाच चारच्या सुमारास मिळतो. डिसेंबरच्या आरंभी पुण्यात सूर्य सुमारे 6 वाजता मावळतो. स्वागत, वरमाला, सत्कार आटोपून सूर्यास्तापूर्वी पंगत उठणे केवळ अशक्य. मे महिन्यात तासभर अधिक मिळतो, तोही वरात गिळून टाकते. परिणामी ज्या आजी-आजोबांच्या आशीर्वादासाठी हा सारा घाट घातलेला असतो, तेच वर्षानुवर्षांचा चौविहार सांभाळीत कोरड्या मुखाने घरी परततात. सायंकाळची पाळी स्वस्तात मिळत असली तरी माझ्या मते ती बचत नव्हे. सकाळची पाळी मिळत नसेल तर तिथी बदलावी.

आचाऱ्याशी बोलणे कार्यालयाचा विसार देण्यापूर्वीच करावे, कारण काही कार्यालये बाहेरचा आचारी स्वीकारीत नाहीत. तसे असेल तर त्यांच्याच स्वयंपाकघराची चौकशी करावी. ‘जैन भोजन मिळेल’ एवढ्या उत्तरावर विसंबू नये. कंदमुळांचे पदार्थ त्याच भांड्यांत होतात काय, पाणी गाळण्याची सोय कोण पाहील, तपस्वींसाठी उकाळलेले पाणी वेगळे ठेवले जाईल काय, आणि पंगत किती वाजता बसेल, हे विचारून लिहून घ्यावे.

लिहून घेण्याचा आपल्याकडे संकोच फार. दुकानात चार आण्यांचाही हिशेब ठेवणारा गृहस्थ लग्नात मात्र लाखाचा विसार शब्दावर देऊन येतो. पावतीवर तारीख, पाळी, ताब्याची वेळ आणि करासह एकूण रक्कम असावी. मुख्य म्हणजे घरात मृत्यू घडला किंवा शासनाने निर्बंध घातले तर विसार परत मिळेल, की दुसरी तारीख मिळेल, याचा स्पष्ट उल्लेख हवा. एप्रिल 2021 मध्ये राज्यात विवाहास 25 माणसे आणि 2 तास एवढीच मर्यादा घातली गेली. तेव्हा पावतीत हे कलम नसलेल्यांना समोरच्याच्या सौजन्यावर अवलंबून राहावे लागले.

रोखीविषयी एक सूचना व्यापारी बांधवांसाठी. 2017 पासून आयकर कायद्यानुसार एका प्रसंगानिमित्त एका व्यक्तीकडून 2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. ती चार दिवसांत विभागून दिली तरी प्रसंग एकच धरला जातो. तेवढ्याच रकमेचा दंड स्वीकारणाऱ्यावर बसतो, त्यामुळे जाणता व्यावसायिक स्वतःच नकार देतो. धनादेश किंवा बँक हस्तांतरण केले की तंट्याच्या वेळी आपल्याही हाती पुरावा राहतो.

छायाचित्रकार आणि विधिकार सहा महिने आधी, मंडप-सजावट व बँड तीन-चार महिने आधी, मेंदीवाली त्यानंतर सांगितली तरी चालते. पाहुण्यांचा अंतिम आकडा मात्र आचाऱ्यास किती दिवस आधी कळवावयाचा, आणि त्याहून कमी पाने उठली तर पैसे कशाचे, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे.