आठ दिवस कोण देणार?

बाई सायकल चालवते म्हटलं की हल्ली कौतुकाला तोटा नाही. आठ मार्चला शाल-श्रीफळ मिळतं, पेपरात फोटो येतो, शेजारच्या वहिनी 'आम्हाला पण न्या हो एकदा' म्हणतात. पहाटे साडेपाच ते सात एवढी वेळ आपली. परत येऊन कणीक मळायला घेतली की कुणाचं काही म्हणणं नसतं. पण 'मी आठ दिवस सायकलच्या शर्यतीला जाणार आहे' असं एकदा म्हणून बघा. कौतुक कुठल्या कुठं पळतं!

"अगं, एका दिवसात नाही का संपत ती?" हा आमच्या सासूबाईंचा पहिला प्रश्न. प्रश्न रास्तच होता. आपल्याला मुंबई-पुणे सायकल शर्यत ऐकून माहीत असते. निघाले, बोरघाट चढले, त्याच दिवशी निकाल. टप्प्यांच्या शर्यतीचं तसं नसतं. रोज एक टप्पा, बहुधा रोज नवा मुक्काम, आणि शेवटी सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज. ज्याची बेरीज कमी, तो पहिला. एक दिवस मर्दुमकी गाजवून दुसऱ्या दिवशी आडवं पडणाऱ्याचं इथं चालत नाही. ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूनं १९९० ची टूर द फ्रान्स जिंकली, ती एकही टप्पा न जिंकता! रोजचं काम रोज, न चुकता, बोभाटा न करता. हे वाचून तुम्हाला कुणाची आठवण झाली? मला तर आमच्या अख्ख्या आळीतल्या बायकांची झाली.

मी गेले ती नीलगिरीतल्या टूरला. 'टूर ऑफ नीलगिरीज' २००८ मध्ये सुरू झाली, हौशी लोकांसाठी. आठ दिवसांत आठ-नऊशे किलोमीटर. सगळंच अंतर शर्यतीचं नसतं. वाटेतला एखादा तुकडा घड्याळावर लावलेला असतो, बाकीचं आपापल्या दमानं कापायचं. सगळ्यांना धडकी भरवणारा तुकडा म्हणजे कल्हट्टीचा घाट. मसिनगुडीहून ऊटीकडे चढणारा, छत्तीस वळणांचा. प्रत्येक वळणावर आकडा लिहिलेला, म्हणजे अजून किती राहिलीत ते विसरायची सोय नाही. मी वाईची. पसरणीच्या घाटावर तयारी केलेली, त्यामुळे थोडी ऐट होती. पण पसरणी चढून आपण पाचगणीला, म्हणजे तेराशे मीटरच्या आसपास पोचतो. ऊटी बावीसशेच्या वर आहे. विसाव्या वळणानंतर ऐट उतरली, एकविसाव्यापासून नुसता श्वास मोजला. पण चढले.

तरी खरं सांगू? घाट ही अवघड गोष्ट नव्हतीच. नवल वाटलं ते संध्याकाळचं. मुक्कामाला पोचायचं, अंघोळ करायची, कुणीतरी केलेलं, कुणीतरी वाढलेलं गरम जेवायचं आणि भिंतीला पाय लावून पडायचं. या खेळात म्हणतात की अर्धी शर्यत सायकलवर होते आणि अर्धी अंथरुणावर. आज नीट जेवलात, झोपलात, तरच उद्या पाय चालतात. म्हणजे विश्रांती हा इथं आळस नाही, कामाचाच भाग आहे. हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. आमच्यात बायका अगदी मोजक्या होत्या. रात्री पुरुषमंडळी घरी फोन करून आज किती किलोमीटर झाले ते सांगायची. आम्ही फोनवर तूरडाळ कुठल्या डब्यात आहे ते सांगत होतो.

आणखी एक गोष्ट तिथं नीट समजली. सायकलवर खरा वैरी रस्ता नसतो, वारा असतो. पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून चालवलं तर मागच्याची पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त ताकद वाचते. म्हणून चार जण एकत्र असले की पाळीपाळीनं पुढे जातात. पुढचा दमला की बाजूला होतो, मागे येतो, दुसरा वारा झेलतो. कुणी 'उपकार करतो' म्हणत नाही. व्यावसायिक संघांत तर यासाठी खास माणसं असतात. नायकासाठी वारा झेलायचा, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, वेळ आली तर स्वतःचं चाक काढून द्यायचं. त्यांना फ्रेंचमध्ये 'दोमेस्तिक' म्हणतात. अर्थ सरळ, घरगडी! फरक एवढाच की या घरगड्याला पगार असतो, त्याच्या कामाला नाव असतं आणि नायकाच्या बक्षिसाची रक्कम संघात वाटून घ्यायची रीत आहे. आपल्या घरांत वारा कोण झेलतं ते सांगायला नको. पण पुढची दमली म्हणून मागून कुणी पुढे आलंय, असं किती घरांत दिसतं?

'बायकांना एवढं झेपतं का?' हा प्रश्नही जुनाच. इटलीत १९२४ च्या जिरो शर्यतीत अल्फोन्सिना स्ट्राडा पुरुषांबरोबर उतरली. यादीत तिच्या नावाचा शेवटचा 'आ' गाळून 'अल्फोन्सिन' छापलं, म्हणजे बाई आहे ते चटकन कळू नये. बारा टप्पे, छत्तीसशे किलोमीटर, कच्चे रस्ते. पेरूज्याच्या टप्प्यात तिचं हँडल मोडलं. तिनं झाडूचा दांडा लावून ते सांधलं आणि सायकल हाणली. वेळेची मर्यादा उलटल्यामुळे तिला स्पर्धेतून बाद केलं, पण आयोजकांनी मागोमाग चालवायची मुभा दिली. नव्वद जण निघाले होते, तीस पोचले, आणि त्यांच्या शिवाय ही. (टप्प्यांच्या शर्यतीत सगळ्यात मागून मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी येते, तिला 'झाडूगाडी' म्हणतात. आपला झाडू काही आपल्याला सोडत नाही!)

पुढचंही ऐका. ऑलिंपिकमध्ये बायकांची सायकल शर्यत पहिल्यांदा झाली ती १९८४ मध्ये. त्याच वर्षी फ्रान्समध्ये बायकांची टूर सुरू झाली आणि मारियान मार्टिननं ती जिंकली. तिला हजारेक डॉलर आणि करंडक, पुरुषांत जिंकणाऱ्याला लाखाच्या वर. १९८९ नंतर ती टूर त्या रूपात बंदच पडली. 'टूर द फ्रान्स'च्या नावानं अनेक टप्प्यांची शर्यत बायकांना परत मिळाली ती २०२२ मध्ये. २०२४ मध्ये आठ टप्प्यांनंतर पहिली आणि दुसरी यांच्यात अंतर किती होतं? चार सेकंद! तेल तापल्यावर मोहरी तडतडायला याहून जास्त वेळ लागतो.

तेव्हा झेपण्याचा प्रश्न मिटलेला आहे. प्रश्न दिवसांचा आहे.

आमच्या ग्रुपमधली सगळ्यात चांगली चढणारी मी नव्हे. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पसरणीत मला कायम पाठ दाखवते. तिनंही नाव द्यायचं ठरवलं होतं. सायकल होती (बरी रोड सायकल चाळीस-पन्नास हजारांच्या पुढेच जाते, ती तिनं शिकवण्यांच्या पैशातून घेतलेली), पाय होते, जिद्द होती. घरी कुणी 'नाही' म्हणालं नाही. फक्त 'आठ दिवस जेवणाचं काय?' एवढंच विचारलं. तिनं नाव मागे घेतलं. आदल्याच वर्षी तिचे मिस्टर मित्रांबरोबर बुलेटवरून बारा दिवस लडाखला जाऊन आले होते. तेव्हा कुणी काही विचारल्याचं तिला आठवत नाही, मलाही नाही.

यावर 'घरच्यांना समजावून सांगा' असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. समजावणं हेही पुन्हा आपलंच काम! सायकल वाटपाचे कार्यक्रम करणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे की शाळेच्या मुलींना सायकली जरूर द्या, त्यांचं फार भलं होतं. पण बारावीनंतर, लग्नानंतर त्या सायकलींचं काय झालं तेही एकदा विचारा. आणि शर्यती भरवणाऱ्यांनो, टी-शर्ट साधा दिला तरी चालेल, पण रस्त्यात दर तीस-चाळीस किलोमीटरवर बायकांसाठी स्वच्छ संडास ठेवा. स्वच्छतागृह नाही म्हणून कमी पाणी पिणाऱ्या बाया मी पाहिल्यात. त्यात मासिक पाळी आली तर विचारूच नका. आठ दिवसांत कुणाची तरी येणारच ना?

आमच्या ग्रुपनं आपल्यापुरतं एक सुरू केलंय. दिवसांची भिशी. पैशांऐवजी दिवस. जिची चिठ्ठी निघेल तिला वर्षातून सलग आठ दिवस, आणि तिच्या घरचे डबे बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. शर्यतीलाच जा असं नाही. माहेरी जा, नाहीतर खोलीचं दार लावून झोपा. माझी एकच अट होती की नुसत्या बायका भिशीत नकोत, नाहीतर वारा पुन्हा आपल्याच तोंडावर. घरटी एक पुरुष यादीत हवा. यावर बरीच चर्चा झाली, दोघी त्या दिवशी चहा न पिताच उठल्या. पण सहा घरं राहिली.

पहिली चिठ्ठी तिचीच निघाली. तिच्या मिस्टरांनी मला फोन केला, "काकू, डब्यात रोज पोळी-भाजीच असेल का?"

म्हटलं, "मंगळवार आणि गुरुवार तुमच्याकडे आहेत. काय करायचं ते तुम्हीच ठरवा."