दाखवायचे दात, दुखणारे दात

आमच्या सदरमध्ये कुत्र्या-मांजरांचे लाड करणारे खूप आहेत. मंगळवारी बाजाराकडच्या गल्ल्यांत एखाद्या गॅलरीत पर्शियन मांजर, कुठल्या तरी फाटकाआड पॉमेरेनियन दिसतंच. त्यांच्यासाठी शॅम्पू, पट्टे, पाकिटातलं खाणं, सगळं आणलं जातं. तोंड मात्र कुणी उघडून बघत नाही. तोंडाला वास येतो म्हटलं की उत्तर ठरलेलं : "जनावर आहे, वास येणारच!"

मला हे उत्तर पटत नाही. तोंडाला घाण वास येणं हा जनावराचा स्वभाव नव्हे, बहुतेक वेळा तो हिरड्यांचा आजार असतो. आपल्या घरात लेकरांना मिसवाकचं महत्त्व समजावणारी वडीलधारी माणसंच मांजरीच्या बाबतीत हे उत्तर देतात, याचं मला नवल वाटतं.

वर्गात आपण बत्तिशी शिकवतो. कुत्र्याला मोठेपणी बेचाळीस दात असतात, मांजराला तीस. त्यांच्या दातांवरही आपल्यासारखाच चिकट थर बसतो आणि थोड्या दिवसांत त्याचं टणक कीटण होतं. खरा घात हिरडीखाली होतो. तिथे जंतू साचतात, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि दात हलायला लागतात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींना हा त्रास जास्त.

शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्याखाली सूज आली होती. बरेच दिवस डोळ्यांत थेंब टाकणं चाललं. निघाली वरच्या दाढेच्या मुळाशी साचलेली पू. तरीही तो रोज जेवत होता, एका बाजूने चावून. "जेवतोय म्हणजे बरा आहे" हा आपला हिशेब इथेच फसतो. भूक दुखण्यापेक्षा मोठी असते, आणि ही बेजुबान जात दुखणं लपवण्यात तरबेज. मांजरांचं तर आणखी वेगळं : त्यांचा दात कधीकधी आतल्या आत विरघळत जातो. वरून फारसं काही दिसत नाही, वेदना मात्र भयंकर.

आता माझी खरी तक्रार. केस कापून देणाऱ्या काही दुकानांत "भूल न देता दात साफ" करून मिळतात. जनावराला दाबून धरायचं, दिसणारं कीटण खरवडायचं, फोटो काढायचा. मालक खूश. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण जणू या धंद्यासाठीच झाली. हिरडीखालची घाण तशीच राहते आणि दात चकाकल्यामुळे डॉक्टरकडे जाणंही लांबतं.

भुलीची भीती मला समजते. "म्हातारं झालंय, उठलंच नाही तर?" हा प्रश्न खोटा नाही. धोका शून्य कधीच नसतो. चपट्या नाकाच्या पगला आणि पर्शियनला तर श्वासाचा त्रास असल्याने जास्त जपावं लागतं. म्हणून आधी तपासणी होते, रक्त पाहतात, श्वासनलिकेत नळी घालतात, म्हणजे पाणी आणि कीटणाचे कण फुप्फुसात जात नाहीत. मग हिरडीखाली साफ करता येतं, मुळांचा एक्स-रे काढता येतो. जागं जनावर यातलं काय करू देईल? डॉक्टरांना सरळ विचारा : रक्त तपासणार का, नळी घालणार का, शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण असेल? असं विचारण्यात गैर काही नाही. आणि सदरवाल्यांना दूर कशाला जायला हवं, सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. निदान तोंड दाखवून तरी या.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्यांना परवडणारा नाही, हे मान्य. पण ब्रश परवडतो. पिल्लू असतानाच बोटाला कापड गुंडाळून हिरड्यांवरून फिरवायची सवय लावा, मग मऊ ब्रश. रोज अर्धा-एक मिनिट पुरे. पेस्ट मात्र जनावरांचीच घ्या. आपली त्यांना थुंकता येत नाही, आणि तिच्यात झायलिटॉल असलं तर कुत्र्यासाठी ते विष आहे. दस्तरखानावरची नळी-हाडं "दात घासले जातात" म्हणून टाकतात, तेही बंद करा. टणक हाडाने दाढ चिरते, शिजलेल्या हाडाचे तुकडे घशात अडकतात. दात आधीच हलत असतील, हिरडीतून रक्त येत असेल, तर ब्रश बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे न्या.